सोडून पुढे जायची मुभा

माई, महालक्ष्म्या आत आल्या आहेत. दोघींचे मुखवटे पाटावर शेजारी शेजारी ठेवले आहेत, अजून धडाच्या कोठ्यांवर चढवायचे आहेत, साड्या नेसवायच्या आहेत, आणि मी फुलवाती करायच्या सोडून हे लिहीत बसले आहे. फोन मांडीजवळ आहे. तुझी नात सकाळी गेली तिचा अजून काही निरोप नाही. आज तिच्या पीएचडीच्या समितीपुढे उभं राहायचं होतं. मुदत संपली होती, ती एकदा वाढवून मिळाली, आता आणखी मिळत नाही असं तिच्या सरांनी स्वच्छ सांगून ठेवलं आहे. आज त्यांनी हो म्हटलं तर नाव राहील, नाही तर सगळं काम तिथेच बंद. तू गेलीस तेव्हा ती माझ्या पोटातही नव्हती, म्हणून तुला हे सगळं मुळापासून सांगावं लागतं. कागद तिचाच आहे. एका बाजूला छापलेला, तिच्या उपयोगाचा राहिला नाही, मागची बाजू कोरी. कोरी बाजू टाकून देणं माझ्याच्याने होत नाही, ते तुझ्याकडूनच आलं आहे.

ती काय शिकते ते मला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं. कोणी विचारलं तर मी म्हणायची, कंप्युटरचं. दहावी झालेल्या बाईला एवढं पुरतं. पण परवा तिनेच मला समोर बसवलं. समितीत एक सर दुसऱ्या विषयाचे आहेत, त्यांनाही कळेल असं बोलता आलं पाहिजे, म्हणून आधी माझ्यावर सराव. मी डाळ निवडत होते. म्हणाली, "आई, तू फक्त मी सांगते तसं कर. डोकं नको लावू." मी म्हटलं, "डोकं लावलं असतं तर तुझ्या बाबांशी लग्न केलं असतं का?" हे आत पेपर वाचत होते, त्यांनी पान जोरात उलटलं, म्हणजे ऐकलं.

तिने ओट्यावर तीन वाट्या पालथ्या घातल्या. एकीशेजारी तांदूळ, दुसरीशेजारी मूग, तिसरीशेजारी चणे. प्रत्येक वाटीला नियम दोनच. पहिला, वाटीच्या मागे तिचा एक दाणा ठेवायचा आणि वाटी बोटभर पुढे सरकवायची. दुसरा, वाटी उचलून घ्यायची, म्हणजे ती रांग संपली. याला ती व्याकरण म्हणते, पण त्यात आपल्या शाळेतले कर्ता-कर्म काही नाहीत. नुसती चिन्हं, आणि एका चिन्हाच्या जागी काय ठेवायचं त्याचे नियम. नियम फक्त आपली वाटी बघतो, शेजारी कोण आहे, किती पुढे गेलं आहे, त्याला काही घेणंदेणं नाही. "म्हणून याला संदर्भमुक्त म्हणतात," ती म्हणाली. "आता हवं तसं खेळ." मी खेळले. तांदळाची रांग लांब झाली, चण्याची दोन दाण्यांत संपली. तिने विचारलं, "तिघी सारख्या पाहिजेत. काय करशील?" मी म्हटलं, "मोजून ठेवीन." "मोजायचं नाही. मोजता येत नाही असंच समज."

मग तिने ते तीन सरकवायचे नियम एकत्र बांधले. तिचा शब्द इंग्रजी होता, मी त्याला जुडी म्हणते, मेथीच्या जुडीसारखी. जुडीतली एक काडी काढता येत नाही. तांदळाला हात लावला की मुगाला, मग चण्याला, त्याच क्रमाने, तिन्ही झाले की मगच हात मोकळा. नाही तर हातच लावायचा नाही. तसं केल्यावर रांगा आपोआप सारख्या होत गेल्या, न मोजता. ती म्हणाली, "माझं काम एवढंच आहे आई. नियम तर साधेच असतात, पण मोकाट असतात. कोणता कधी चालेल, कोणाच्या मागे चालेल, कोण असताना चालणार नाही, हे ठरवायचं. नियम बदलायचे नाहीत, नुसता लगाम घालायचा. तेवढ्याने जे आधी होत नव्हतं ते होतं."

माई, मला तिथे ओट्याशी उभ्या उभ्या आपल्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधल्या महालक्ष्म्या दिसल्या. मी फ्रॉकमध्ये आहे, तू सोवळ्यात. वेणी एकच मिळाली आहे, बाजारात फुलं नव्हती. मी ती ज्येष्ठेच्या डोक्यात माळते आणि मागे सरून बघते, किती छान दिसते. तू स्वयंपाकघरातून येतेस. ओरडत नाहीस. "काढ," म्हणतेस. मी म्हणते, एकच आहे ना. "एकीला नाही तर दोघींना नाही. काढ ती." मी काढते, तू ती तुळशीला नेऊन वाहतेस, आणि त्या वर्षी दोघी बिनावेणीच्या जेवल्या. बांगडी एकीला की लगेच दुसरीला, हळद एकीला की लगेच दुसरीला, आणि उंबरा तर दोघींनी एकाच पावलाला ओलांडायचा, एक तुझ्या हातात, एक माझ्या, घरच्याच दोन बायका. मी हे लेकीला सांगितलं. तिला आवडलं. म्हणाली, "बघ, आजीची जुडी होती." मला फार बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

पण पुढची गोष्ट तुझ्या नियमात बसत नव्हती. जुडीतला एखादा नियम लागूच होत नसेल, म्हणजे ती वाटी आधीच उचललेली असेल, तर काय? मी म्हटलं, "तर मग कोणालाच नाही. थांबायचं." ती हसली. म्हणाली, "तसं केलं तर माझं पुढचं अर्धं काम पडतं." तिच्या कामात काही नियमांना मुभा असते, लागू झाला नाही तर त्याला सोडून पुढच्यावर जायचं. ही सोय आळसाची नाही. नियम लावायला गेलो आणि लागला नाही, म्हणजे तशी वाटी आता कुठेच उरली नाही, हे त्यातूनच समजतं. ते समजलं की पुढचं पाऊल टाकता येतं. या एका मुभेने ही व्याकरणं कुठल्या कुठे जातात, असं तिने हात पसरून दाखवलं. "पण कोणत्या नियमाला मुभा आहे ते आधी लिहून द्यावं लागतं, आई. ऐन वेळी अडचण आली म्हणून सोडला, असं नाही चालत."

आणि मग ते झालं. मला कुकर लावायचा होता. तांदूळ मोजायची वाटी तीच, म्हणून मी तांदळाची वाटी उचलून घेतली. ती लॅपटॉपमध्ये बघून बोलत होती, म्हणाली, "चलो, जुडी पुन्हा लाव." मी म्हटलं, "तांदळाची वाटी तर मी उचलली." "अच्छा, मग ती सोड, मुभा आहे तिला. पुढचं कर." मी मूग ठेवला, चणा ठेवला. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा मूग, पुन्हा चणा. मी सांगितलेलं करत होते, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिने मान वर केली. तांदळाची रांग जिथल्या तिथे होती आणि मूग-चणे तिला मागे टाकून निघाले होते. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मला वाटलं मी काही चुकवलं. मी म्हटलं, "काय झालं? वाटी परत ठेवू का?" ती म्हणाली, "नको. हात नको लावू."

तिने सवयीने सगळ्याच नियमांना मुभा लिहून दिली होती, सरकवायच्या नियमांनाही. स्वतः करून बघताना ती नेहमी तिन्ही वाट्या एकदमच उचलायची, म्हणून तिला ते कधी दिसलंच नाही. तीन रांगा सारख्या राहतात असं छापून दिलेलं होतं, आणि त्या राहत नव्हत्या. शिवाय तिसऱ्या प्रकरणातली मोठी सिद्धता याच जुडीवर उभी होती. प्रती समितीकडे जाऊन महिना झाला होता. तिने कोणालातरी फोन लावला, बरोबर शिकणारी मुलगी होती. स्पीकरवर ऐकू आलं. "कौन देखता है यार, स्किप कर दे वो स्लाइड. पूछेंगे तब देखेंगे." हिने नुसतं हं हं केलं आणि फोन ठेवला. मग कागद घेऊन आतल्या खोलीत गेली.

काल दुपारी बाहेर आली. दुरुस्ती सापडली होती. सरकवायच्या जुडीची मुभा काढून घ्यायची, आणि तिन्ही वाट्या उचलायचीही एक जुडी बांधायची. मला सांगताना आवाज बरा होता. मी म्हटलं, "मग झालं तर." ती म्हणाली, "उदाहरण झालं. पुढची सिद्धता मुभेशिवाय उभी राहते का ते मला पूर्ण लिहून बघायला वेळ पाहिजे. आणि त्यांच्या हातात चुकीचं पान आहे. मी नाही जात उद्या. तारीख मागते." हे आतून म्हणाले, "तारीख कोर्टात मिळते." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तसंही उद्या महालक्ष्म्या यायच्या आहेत. दोघी लागतात ना आपल्याला?"

माई, इथे तू मला सापडायला हवी होतीस. पंचांगात आवाहन दुपारच्या आतच होतं, तिची वेळही तीच. मला एक शब्द बोलायचा होता, राहा. तिलाही तोच ऐकायचा होता. घरात दुसरी बाई नाही. दर वर्षी एक तिच्या हातात, एक माझ्या, ती परकर नेसायची तेव्हापासून. मी राहा म्हटलं असतं तर देवीचं झालं असतं, माझ्या जिवाची धाकधूक गेली असती, आणि तिला तोंड लपवायला देवीची ओढणी मिळाली असती. पीएचडी गेली असती, पण ती आईच्या देवामुळे गेली असं तरी म्हणता आलं असतं.

त्या वेळी मला पुरणाचं पातेलं आठवलं. जेवणाचा दिवस आहे, पुरण शिजतं आहे, भोंगा व्हायची वेळ नाही आणि बाबांच्या खात्यातला कोणी सायकल फेकून दारात उभा आहे. बाबांचा हात मशीनमध्ये आला आहे. तू पातेलं उतरवतेस. विस्तव विझवतेस. समईची वात सारखी करतेस, आणि महालक्ष्म्यांना, शेजारणीला सांगावं तसं, म्हणतेस, "बसा तुम्ही, मी येते." आणि सोवळ्याच्या लुगड्यातच दवाखान्यात जातेस, जिथे कोणीही कोणाला शिवतं. बाबांचा हात वाचला. तू दुसऱ्या दिवशी आलीस ती थेट विसर्जनाच्या तयारीला लागलीस. मी विचारलं, "माई, जेवायच्या राहिल्या ना त्या?" तू म्हणालीस, "राहिल्या." "मग?" "मग काय. पुढचं घे." एका वेणीसाठी मला रडवणारी तू, आणि पूर्ण नैवेद्य सोडून पुढे गेलीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. भीती वाटत होती की आता काही होईल. काही झालं नाही, पण मला कळलंही नाही. कोणता नियम सोडता येतो आणि कोणता नाही, हे तू कधी सांगितलं नाहीस. मी तुझे सगळे नियम घेऊन सासरी आले, आणि मुभा कुठे आहे ते मला माहीतच नाही, म्हणून एकही सोडला नाही. वेणीला मुभा नाही आणि पुरणाला आहे, हे तू आधीच मनात ठरवून ठेवलं होतंस का? की पातेलं उतरवताना ठरवलंस?

लेक उत्तराची वाट बघत होती. मी तिला यातलं काही बोलले नाही. विचारलं, "उद्या डबा करून देऊ, की तिकडेच खाशील?"

ती म्हणाली, "आणि दुसरी कोण आणणार?"

"ते मी बघते."

"आई, तू काहून असं करून राहिली? तुला रात्री झोप नाही येणार."

"नाही येणार. डब्यात पोळ्या देऊ की पुऱ्या?"

आज सकाळी तिने देवापुढे नमस्कार केला, दोन्ही मुखवट्यांना हात लावला, एकदम, दोन हातांनी दोघींना. आणि गेली. मी समोरच्या भाभींकडे गेले. त्या कटनीकडच्या, वीस वर्षांचा शेजार आहे, प्रसादाला दर वर्षी येतात. सांगितल्यावर घाबरल्या. "हम? दीदी, हमें तो आपके यहाँ का कुछ आता नहीं है. कहीं उल्टा-सीधा हो गया तो?" मी म्हटलं, "आना कुछ नहीं है भाभी. बस मेरे साथ देहरी पर पैर रखना है, उसी टाइम." त्या अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन आल्या. तुळशीपासून कुंकवाची पावलं काढलेली होती, आणि उंबऱ्याशी तू मला लग्नात दिलेली भेडाघाटच्या दगडाची ती दोन लहान पावलं ठेवली होती. ज्येष्ठा मी घेतली, कनिष्ठा त्यांच्या हातात दिली. आतून विचारायला हे. दर वर्षी बाहेरून मीच ओरडून त्यांना आठवण करून देते, आज मी बोलायलाही घाबरले होते.

"कोण आली?" यांनी विचारलं.

"महालक्ष्मी आली," मी म्हटलं.

यांना पुढचं आठवेना. जरा थांबून म्हणाले, "कशाने आली?"

भाभींना तेवढी मराठी कळते. मी बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "पैदल आई हैं, भाईसाहब."

मला हसू आलं, माई, उंबऱ्यावर, हातात ज्येष्ठा घेऊन. मग मी म्हटलं, सोन्याच्या पावलांनी आली, आणि आम्ही पाऊल टाकलं. एकाच वेळी. माझं उजवं, भाभींचं डावं. मला दिसलं. क्षणभर वाटलं मागे फिरून पुन्हा यावं. घड्याळात लेकीची समितीपुढे उभं राहायची वेळ झाली होती. मी फिरले नाही. घरचीच बाई हवी, ते सोडलं. उजवं पाऊल हवं, ते सोडलं. एकदम हव्या, ते मात्र सोडलं नाही. आता हे मी आधी ठरवलं होतं की तिथेच, ते मलाही सांगता यायचं नाही, म्हणून तुला तरी काय विचारू.

फोन आला होता. मधे उठले, आता पुन्हा बसले आहे.

ती म्हणाली, "आई, मीच सांगितलं. सुरुवातीलाच. उभी राहिले आणि म्हटलं, तुमच्याकडे जे पान आहे त्यात चूक आहे, आधी ती दाखवते." सर खाली बघत होते म्हणे. बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, मुभा काढली तर तिसऱ्या प्रकरणाचं काय. हिने फळ्यावर करायला घेतलं, मधे अडकली, त्यांनी थांबू दिलं, मग जमलं. अर्ध्या भागात ती मुभा लागतच नव्हती, उरलेल्या अर्ध्यात ज्या नियमाला हवी तो वेगळाच होता. मग हिला बाहेर बसवलं. बराच वेळ. दुरुस्ती करून द्या, नाव राहील, असं सांगितलं आत बोलावून. दुसऱ्या विषयाच्या सरांनी विचारलं, वाट्यांचं उदाहरण कुठून आणलंस. "मी म्हटलं, घरून," ती म्हणाली. आणि लगेच, "तिकडे कसं झालं? दोघी एकदम आल्या ना?"

"एकदम आल्या," मी म्हटलं. डाव्या पावलाचं नाही सांगितलं.

आता उठते. दोघींना साड्या नेसवायच्या आहेत. हे पत्र कुठे जायचं नाही, कागद उद्या तळलेल्या फुलोऱ्याखाली घालीन, तेल टिपायला. उलटून बघितलं तर समोरच्या बाजूला तेच पान निघालं, तीन रांगांचं, चुकीचं. त्याच्यावरून एक सांगायचं राहतं, तिला सांगणार नाही, तुला सांगते. उंबऱ्यावर पाय ठेवताना मी देवीजवळ लेकीला पास कर असं मागितलं नाही. मी मागितलं ते एवढंच, की हे पान कोणाच्या ध्यानात येऊ नये, त्यांनी ते उलटून पुढे जावं. आणि त्याच वेळी ती तिकडे उभी राहून सांगत होती.